किनारा रस्ता थोडा कुरूप करून मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
किनारा रस्ता विभाग, शहर कार्यालय.

विषय : किनारा रस्ता थोडा कुरूप करून मिळणेबाबत.
संदर्भ : हाच रस्ता मिळावा म्हणून अर्जदाराने पूर्वी केलेला अर्ज (जो दुर्दैवाने मंजूर झाला).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार होड्या बांधणारा सुतार असून रस्ता जिथे संपतो त्या गावात, शेवटच्या घरात राहतो. घर एका खोलीचे, पण खिडकीत समुद्र. रस्ता नव्हता तेव्हा शहरातले नातेवाईक लग्नालासुद्धा "फार लांब पडतं हो" म्हणून आले नाहीत. आता रस्ता इतका देखणा झाला आहे, की आतेभाऊ, आतेभावाचे साडू आणि साडूंचे शेजारी दर रविवारी एकाच गाडीत कोंबून येतात, वळणावळणावर फोटो काढतात आणि हवेने भूक लागली म्हणत थेट पानावर बसतात.

होडीची फळी वाफेवर तापवून वाकवावी लागते आणि ती गार होण्याआत दुसरे टोक धरायला माणूस लागते. ते टोक लग्नापासून अर्जदाराची पत्नी धरते. परंतु रविवारी ती चुलीपाशी, सोमवारी भांड्यांपाशी आणि मंगळवारी चादरी धुण्यात अडकत असल्याने होडीचा नुसता सांगाडा उभा आहे. गिऱ्हाईक रोज येते, सांगाड्याकडे बघते आणि परत जाते. एकदा साडूंना फळी धरण्याची विनंती केली. त्यांनी ती फोटो निघेपर्यंत धरली.

रस्त्याची पाहणी म्हणून आपणही सहकुटुंब आला होतात व अर्जदाराच्या खाटेवर आडवे होऊन "इथेच राहावंसं वाटतं," असा शेरा दिला होतात, हे नमूद करणे क्रमप्राप्त आहे. तो ऐकून पत्नीचा चेहरा खर्रकन उतरला.

गेल्या सोमवारी, "मी होड्या बांधायला आले होते, खानावळ चालवायला नाही," असे म्हणून ती शहरात माहेरी निघून गेली. गेली तीही याच रस्त्याने, हे अर्जदाराच्या जिव्हारी लागले आहे. दारी आलेल्याला नाही म्हणायला अर्जदाराची जीभ रेटत नाही, म्हणून हा खटाटोप.

सबब विनंती की, 'थांबा, पाहा' ही पाटी काढावी, समुद्राच्या बाजूने उंच भिंत घालावी आणि दोन-चार ठिकाणी खड्डे पाडावेत. हे शेवटचे काम आपल्या विभागास नवीन नाही.

ता.क. नव्हे, पण अर्ज लिहीत असतानाच सासऱ्यांचा निरोप आला. येत्या रविवारी ते सगळे घरदार घेऊन रस्ता पाहायला येत आहेत, आणि "तीही येते म्हणाली." तरी वरील कामे सोमवारनंतर सुरू करावीत. या रविवारी रस्ता आहे त्याहून सुंदर दिसावा, अशी हात जोडून विनंती आहे. स्वयंपाक अर्जदार स्वतः करील. भांडीही घाशील. तिने फक्त परत गाडीत बसू नये.

कळावे,
आपला नम्र (व आपल्या कुटुंबाचा थकलेला) यजमान,
होड्यांचा सुतार
(सही)
शुक्रवार, दुपार

सोबत : आपण खाटेवर विसरलेला चष्मा. (पोच देण्यास स्वतः येण्याची तसदी घेऊ नये.)