नवरदेवाची लो पावर परीक्षा

सक्करदरा, नागपूर
ता. ९ मार्च १९७६

ती. बायजाबाईस,

धाकट्या भावाचा, मारोतचा, सविनय जयभीम. तुझ्या गुडघ्याले आता कसं आहे? भाऊजींचा खोकला उतरला असन. आम्ही इकडे बरे आहोत, माझं डोकं सोडून.

तुमच्या सावनेरचा जो पोरगा तू धाडला, रविंद्र, हायस्कुलात सायन्स शिकवणारा, तो माझ्या प्रेमिलाले पाहून गेला, पसंतही केली. तिलेही पसंत (पोहे दोनदा वाढले, त्यातच समजलं). मी म्हटलं, पोरगी सारेच पाहतात, पोरगा मी पाहीन. म्हणून शनिवारी त्याले आमच्या कॉलेजात बोलावलं. अठरा वर्षं झाली मले बॉटनीच्या लॅबमध्ये अटेंडंट होऊन. पोट्टे येतात, प्रोफेसर होऊन जातात, अन् साऱ्यांले मी एकच सांगतो, मायक्रोस्कोपले पहिले लो पावर लावा, वस्तू दिसू द्या, मंग हाय पावर. (प्रेमिलाची आई होती तेव्हा तीही हे झोपेत म्हणे.)

तर त्याच्यापुढे मक्याच्या खोडाची स्लाइड ठेवली. माझ्या हातची वं, नोकरीच्या पहिल्या वर्षाची. अन् या मास्तरानं काय करावं? सरळ हाय पावरची लेन्स फिरवली, डोळा लावला अन् मोठा स्क्रू खाली, खाली, आणखी खाली. कट्‌ झालं. स्लाइडचे दोन तुकडे. अन् वरून म्हणे, काही दिसून नाही राहिलं, काका. लेन्स काचेत घुसवल्यावर काय दिसन, कपाळ? हा तिथं पोट्ट्यांले काय शिकवत असन, सांग मले! मी तिथंच तोंडावर सांगून टाकलं, लग्न होणार नाही. तो मान खाली घालून गेला. तेव्हापासून प्रेमिला माझ्याशी बोलून नाही राहिली. ताट ठेवते अन् निघून जाते. आईवेगळी पोर, जीव तुटते माझा. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तू दुसरा पोरगा पाहा.

तुझा,
मारोत

ता. क. पत्र पेटीत टाकाले प्रेमिलाजवळ दिलं, तर तिनं ते वाचलं. तीन दिवसांनी तोंड उघडलं, तेही असं: 'बाबा, तुम्ही त्याच्या मागं उभे होते का?' होतो. मागं नाही तर कुठं उभा राहू? ती म्हणे, फर्स्ट इयरले तुम्ही माझ्या मागं येऊन उभे राहिले तेव्हा मी दोन स्लाइडी फोडल्या अन् पर्समध्ये लपवून नेल्या. (माझी पोरगी, अन् माझ्याच लॅबमध्ये.) दुसरा पोरगा सध्या पाहू नको.

ता. क. २. आत्ताच रविंद्रचं पत्र आलं, तिच्या नावानं (कोणाले विचारून आलं, ते मी नंतर पाहीन). माझ्या नकाराचं त्यानं घरी सांगतलंच नाही. आईले म्हणाला, काका अजून विचार करून राहिले. तर बाई, गुडघा दुखत असला तरी पत्र मिळताच त्यांच्या घरी जा, अन् माझा विचार झाला म्हणून सांग.