मामाच्या हातचं पाणी

प्रिय आईस,
माझे पाय बरे आहेत, पोटभर जेवतेय. मामाला घेऊन निघालेली गाडी उद्या आपल्या होपी लोकांच्या गावी पोचेल. मी सोबत नाही, रागावू नकोस.

काल धावताना चढावर तो छाती धरून खाली बसला. आपल्या झऱ्याच्या पाण्याने भरलेला सुका भोपळा त्याने माझ्या हाती दिला. मी रडायला लागले. म्हणाला, "वेडे, रडत धावलीस तर पाणी सांडेल. हे समुद्राला दे, पाऊस माग. आपली धाव हीच प्रार्थना, ती अर्ध्यावर सोडायची नसते." तेच त्याचे शेवटचे शब्द.

तू काही खाल्लंस का? विल्मामावशीला सोबतीला बोलाव.

समुद्र अजून लांब आहे. आज धावताना पहिल्यांदाच पुढे मामाची पाठ दिसली नाही.

तुझीच,
नोरीन