राकेलेची बशी

प्रिय ऑर्नेला,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस. मी तोंड उघडलं की "आई, जेवलीस का, बाबांचा खोकला कसा आहे" सुरू करतेस, आणि मला जे विचारायचं असतं ते ओठांवर येईपर्यंत तुझी बस येते. बोलोन्यातल्या बसगाड्या फारच वेळेवर येतात बाई! म्हणून हे पत्र लिहिते आहे. कागदाला मध्येच बोलता येत नाही. कॉफी ठेव, निवांत बस, आणि लोरिसला म्हणावं, तुझ्या सासूचं पत्र आहे, जरा वेळ शांत राहा. अजून सासू झाले नाही हे मला माहीत आहे. त्याबद्दलच बोलणार आहे, पण माझ्या वेळाने.

तुझी फिलुच्चा आत्या मला सुट्टीवर घेऊन गेली, हे तुला कळलंच आहे. तू हसली होतीस. हसण्यासारखंच होतं. माझं पोर, सबातिनो, गेल्यापासून मी चर्च आणि दफनभूमी सोडून कुठे गेलेली नाही, आणि काळ्या कपड्यातली बाई ऑगस्टमध्ये मजा करायला निघाली तर आपलं गाव पुढचा ऑगस्ट येईपर्यंत तेच चघळत बसेल. पण फिलुच्चा वकिली डोक्याची. तिने डॉक्टरांकडून वदवून घेतलं की तिच्या गुडघ्यांना समुद्रस्नानाची गरज आहे, आणि सोबतीला बाईमाणूस हवं. आजारी नणंदेला सोबत करायला कोणत्याही सुतकात आडकाठी नाही. तरी बसथांब्यावर खालच्या घरातल्या राकेलेने गाठलंच. "काय गं एर्सिलिया, पेस्तुमला? समुद्र तर आपल्या दारातच आहे की!" फिलुच्चा म्हणाली, "इथला समुद्र माझ्या गुडघ्यांना लागू पडत नाही, आणि तुझी जीभ तर कुणालाच लागू पडत नाही." राकेले हसली. मी नाही हसले. कारण राकेलेचं खरंच होतं. समुद्र दारात आहे, आणि चार वर्षं मी त्या बाजूची खिडकी उघडलेली नाही.

बस घाट उतरत असताना फिलुच्चाने तुझं गुपित फोडलं. मी नुसतं म्हटलं होतं की ऑर्नेलाच्या लग्नाला हॉल मिळत नाहीये बिचारीला. त्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, बोलोन्यात काय हॉलचा दुष्काळ पडलाय? पोरगी नोव्हेंबरमध्ये नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन सह्या करणार आहे. दोन मैत्रिणी साक्षीला, मग एकेक सँडविच, की झालं लग्न. तुला लग्नानंतर सांगणार आहे. सुतकाच्या घरातून नवरी कशी निघणार, म्हणून दोन वर्षं थांबली, आता दमली." मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर अंजिराची झाडं, आणि पुन्हा अंजिराची झाडं. मला राग आला, ऑर्नेला. खोटं कशाला लिहू? माझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाची बातमी मला नणंदेकडून, घाटात, मळमळत असताना मिळावी! मग राग उतरला आणि त्याच्याखाली जे निघालं ते रागापेक्षा वाईट होतं. तू मला सांभाळून घेत होतीस. आईच्या दुःखाला धक्का लागू नये म्हणून स्वतःच्या लग्नात तू चोरासारखी वागणार होतीस.

तिथे आम्ही फिलुच्चाच्या मावसबहिणीकडे, समुद्राजवळच्या खोलीत उतरलो. सकाळी आत्याबाईंची स्नानं. ती विषम आकड्यातच व्हायला हवीत, नाहीतर गुण येत नाही, हे तुझ्या आजीने तिच्या डोक्यात भरलेलं. ती पूर्ण झग्यानिशी पाण्यात शिरायची, कमरेपर्यंत जायची, सगळ्या संतांना हाका मारायची आणि बाहेर आली की मला विचारायची, "कितवं झालं गं?" मला काय ठाऊक! मी वाळूवर, पाण्याकडे पाठ करून, काळे मोजे घालून बसलेली. आजूबाजूला छत्र्या, गोरे पाय, कलिंगडं. एका परदेशी बाईने मला भोवळ आली असेल असं समजून पाण्याची बाटली आणून दिली. दुपारी ताजं मोझरेला आणि टोमॅटो, मग झोप. सुट्टी म्हणतात ती हीच असेल तर लोक इतक्या लांब का जातात कोण जाणे.

देवळं बघायला आम्ही एका संध्याकाळी गेलो. शाळेच्या सहलीत तू आणि सबातिनो गेला होतात, आठवतं? तो खांबावर चढला होता आणि रखवालदाराने बाबांना निरोप धाडला होता. ते खांब अजून तसेच आहेत. छप्पर गेलं, देव गेले, पाली मात्र मजेत आहेत. फिलुच्चा म्हणाली, "एवढं मोठं बांधून ठेवलं आणि वर कौलं नाहीत. आपल्या कोस्ताबिलेने बांधल्यासारखं." तुझ्या बाबांनी कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं त्यावरून. तेव्हा मात्र मला हसू फुटलं, आणि मी लगेच तोंडावर हात ठेवला. सवयच झाली आहे तशी.

दुसऱ्या दिवशी इतकं ऊन होतं की स्नानसुद्धा नको झालं. फिलुच्चा म्हणाली, संग्रहालयात गारवा आहे, तिथे जाऊन बसू. निव्वळ गारव्यासाठी गेलो आम्ही, दुसरं काही मनात नव्हतं. ती एका बाकावर बसून घोरायला लागली आणि मी हिंडता हिंडता त्या खोलीत शिरले. तुम्हांला सहलीत दाखवलं असेल ते. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. एका थडग्याचं झाकण उभं करून ठेवलेलं आणि त्याच्यावर एक पोरगा. उंचावरून त्याने समुद्रात सूर मारलाय आणि अजून पाण्याला टेकलेला नाही. हात पुढे, पाय सरळ, मान वर. हनुवटीवर जेमतेम चार केस. खाली पाणी, दोन्ही बाजूंना एकेक काटकुळं झाड, बस. बाकी काही नाही.

ऑर्नेला, मी तिथेच जमिनीवर बसले. तिथली राखण करणारी बाई धावत आली, आणि तिने खुर्ची आणून दिली. मी विचारलं, "कोण हा?" ती म्हणाली, "कुणालाच माहीत नाही, आजी. अडीच हजार वर्षं झाली. झाकणाच्या आतल्या बाजूला काढलाय तो. थडगं बंद झाल्यावर आतल्यालाच दिसणार." आणि मग तिने भिंतींकडे बोट केलं. त्या थडग्याच्या बाजू होत्या. त्यांच्यावर माणसं कोचांवर रेलून जेवतायत, पितायत, कुणी बासरी वाजवतंय, कुणी गाणं म्हणताना डोकं मागे टाकलंय. मेलेल्या माणसाच्या चारी बाजूंनी मेजवानी! मी म्हटलं, "ह्यांना लाज नव्हती का?" ती बाई जरा विचार करून म्हणाली, "मला वाटतं आजी, त्याला एकटं वाटू नये म्हणून असेल." मग माझ्या कपड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हांला हवं तितका वेळ बसा. मी कुणाला इकडे येऊ देत नाही."

मी बसले. तुला सांगते ते कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. त्या एप्रिलमध्ये वादळात होडी उलटली आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि बाकीच्यांनी त्याला किनाऱ्यावर आणून ठेवलं. तेव्हापासून मी डोळे मिटले की तो मला आडवाच दिसतो. वाळूवर आडवा. लहानपणचा सबातिनो आठवायला जावं, तर तोही आडवा. बाहुलीएवढा, पाळण्यात, पण आडवा. चार वर्षं मी माझ्या पोराला उभा पाहिलेला नाही. आणि कुणा एका आईने, किंवा बापाने, बहिणीने, कुणी का असेना, आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कायमचं काय ठेवलं? तर ही उडी. मग मला आपल्या घराखालचा खडक आठवला. तू खाली बोटांवर त्याच्या उड्या मोजत उभी असायचीस, सगळी पोरं ओरडत असायची, तो वरून "आई, बघ!" म्हणायचा आणि मी टॉवेल हलवत त्याला शिव्या घालायचे. उडी मारल्यावर पाण्याला टेकेपर्यंत तो असाच दिसायचा. अगदी असाच गं. मी तिथे मोठ्याने रडले. फिलुच्चा जागी होऊन धावत आली आणि काहीही न विचारता माझ्याबरोबर रडायला लागली.

शेवटच्या दिवशी तिच्या स्नानांचा घोळ झाला. खोलीवाल्या बहिणीने मोजली होती, आकडा सम भरला. बस तासाभरात सुटणार, फिलुच्चाचा झगा बोचक्यात बांधलेला, आणि ती कपाळाला हात लावून बसली. "सगळं फुकट गेलं! गुडघे गेले माझे!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, तू जा. एकाच घरातल्या आपण. तुझं एक माझ्यात धरू." हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं ते विचारू नकोस. मी मोजे काढले, आणि काळ्या झग्यासकट पाण्यात गेले. झगा फुगून वर आला, तो मी दोन्ही हातांनी खाली दाबत होते, आणि किनाऱ्यावर फिलुच्चा आनंदाने टाळ्या पिटत होती. पाणी कोमट होतं. मला वाटलं होतं समुद्राला शिव्या देईन. पण ओळखीच्या माणसाशी बरेच दिवस अबोला धरल्यावर होतं, तसं झालं. काय बोलावं ते सुचलं नाही. ओठांना खारट लागलं तेवढंच.

घरी आलो तर मेरीमातेचा सण, पंधरा ऑगस्ट. दुपारी राकेले बशी घेऊन आली, कलिंगडाचा गोड थर आणि वर चॉकलेट. चार वर्षं प्रत्येक सणाला ती आणते. सुतकाच्या घरात गोड शिजत नाही, शेजाऱ्यांनी द्यायचं, आणि बशी मी धुऊन रिकामी परत करायची. एरवी रिकामी बशी परत करणं म्हणजे अपमान. सुतकाच्या घराला तेवढी सूट. त्या रात्री ती बशी धुतली, पुसली, आणि मला ती रिकामी नेववेना. सकाळी उठून मी पीठ मळलं. स्त्रुफ्फोली! हो, ऑगस्टमध्ये. त्या गोळ्या तळताना स्वयंपाकघराची भट्टी झाली, मध इतका पातळ झाला की धरून ठेवेना. धूर कोंडला म्हणून मी खिडकी उघडली. समुद्राची. बिजागऱ्या गंजल्या होत्या, लाटणं मारावं लागलं.

आवाज ऐकून तुझे बाबा आत आले. खिडकी बघितली, कढई बघितली, माझ्याकडे बघितलं. एक गोळी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, "मध करपलाय." मग तिथेच उभं राहून खात सुटले. चेहरा मात्र खिडकीकडे होता, माझ्याकडे नव्हता. मग म्हणाले, "खाली नेताना झाकून ने, माश्या बसतील."

राकेलेने दार उघडलं. बशीकडे बघून तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "एर्सिलिया, डोकं ठिकाणावर आहे ना? नाताळचं गोड ऑगस्टमध्ये?" मी म्हटलं, "माझे चार नाताळ राहिलेत. कुठून तरी सुरुवात करायला हवी." ती जिभेची तिखट बाई तशीच दारात बसली आणि एप्रनच्या टोकाने तोंड पुसू लागली. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं होतं. पाद्रीबाबांनीसुद्धा गोळ्या मागवल्या.

तर हे पत्र त्यासाठी आहे, पोरी. राकेलेच्या तिकडच्या भाचीकडून तुझ्या कानावर जाण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. माझं दुःख संपलेलं नाही, संपणारही नाही, आणि उरलेले काळे झगे मी जाळायला काढलेले नाहीत. पण आपल्या घरातून बशी भरून गेली आहे, आणि त्याचा अर्थ तुला माहीत आहे. आता ह्या दारातून नवरी निघू शकते. नोव्हेंबरमध्ये तिकडे सह्या कर हवं तर, पण त्याआधी द्राक्षं उतरली की लोरिसला घेऊन इकडे ये. टेबलं खाली खडकाजवळ मांडू, तुझे बाबा बासरीवाला शोधतील, फिलुच्चाला गाऊ नको असं तू सांग, माझं ती ऐकत नाही. मी निळा झगा शिवायला टाकला आहे. एकच सांगते, सबातिनोसाठी रिकामी खुर्ची ठेवायची नाही. हाक मारल्यावर तो कधी वेळेवर जेवायला बसलाय? आपण जेवून घेऊ. तो पाण्यात असेल.

टॉवेल घेऊन वाट बघणारी,
तुझीच आई