हळदीच्या दिवशी मिटलेले शिंपले

बाबा, आज सकाळी शिंपले मिटले. सगळे, एकदम. तू असतास तर पुढे काही सांगावं लागलं नसतं. विडी विझवून उठला असतास आणि पंप बंद केला असतास. तू नाहीस, म्हणून तो मी बंद केला, आणि आता दुपार कलली तरी गावाचं पाणी बंदच आहे. मी तुझ्या पंपघराच्या पायरीवर बसून वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय, कारण आत्ता जिवंत माणसांपैकी कुणाशी बोलायची माझी हिंमत नाही. आणि दिवस कुठला निवडला शिंपल्यांनी, तर दादाच्या मुलीच्या हळदीचा. आपल्याच दारात मांडव, आपल्याकडेच गाव जेवायला यायचं, आणि पाणी तोडलं ते नवरीच्या सख्ख्या आत्याने.

तू गेलास तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती आणि मी अजून दोन वेण्या घालत होते, म्हणून मधलं थोडं सांगते. मी शिकले, आणि शिकून याच शिंपल्यांच्या मागे लागले. पेणला गणपतीच्या एका कारखान्यामागे माझी भाड्याची खोली आहे. तिथे काचेच्या टाक्यांमध्ये मी आपल्या नदीतले शिंपले आणि मळ्ये मासे ठेवते. घरमालक मूर्तींचे डोळे रंगवता रंगवता खिडकीतून डोकावतो आणि दर वेळी विचारतो, "ताई, कालवण कधी करताय?" त्याला किती वेळा समजावलं की शिंपल्याची पिल्लं जन्मली की माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, तिथे थोडी वाढतात आणि मगच तळाला उतरतात, मासा नसेल तर पुढचा शिंपलाच नाही. तो मान डोलावतो आणि पुन्हा कालवणावर येतो. पण हसण्यासारखं त्यात फार काही नाही, बाबा. घाटाखालच्या वाळूत हात घातला की तळहाताएवढे म्हातारे शिंपले लागतात, नखाएवढा एक सापडत नाही. दर खेपेला मी बोटांनी वाळू चाळते आणि दर खेपेला रिकाम्या हाताने उठते. त्या म्हाताऱ्यांतलेच थोडे उचलून मी तुझ्या हौदात ठेवलेत, नदीचं पाणी पंपाकडे जाण्याआधी जिथे पडतं तिथे. पंचायतीने परवानगी दिली ती माझ्या शिक्षणाकडे बघून नव्हे, तुझी मुलगी म्हणून. प्रत्येकाच्या पाठीवर बारीकसं चुंबक आणि त्याची हालचाल ओळखणारा सेन्सर चिकटवलाय, त्यामुळे कोण उघडला, कोण मिटला ते माझ्या मोबाईलवर दिसतं. एरवी ज्याचं त्याचं चाललेलं असतं, एक मिटलेला, दुसरा उघडा. सगळे एका वेळी मिटले आणि मिटूनच राहिले, तर पाण्यात काहीतरी आलं असं समजायचं. निदान तसं समजून मी हे सगळं मांडलंय.

तू काही समजून वगैरे मांडलं नव्हतंस. पंपाच्या जाळीत अडकलेले शिंपले काढून तू हौदात टाकायचास, संध्याकाळी आईकडे न्यायला. आई चुलीपुढे पाटीत घेऊन बसायची आणि उघड्या शिंपल्यावर पळीच्या दांड्याने टक् करून मारायची. मिटला तर जिवंत, तो भांड्यात. आ वासून राहिला तर मेलेला, तो उकिरड्यावर. मग खोबरं, आमसूल, आणि घरभर तो वास. मला ते टक् ऐकायला आवडायचं. एक दिवस तू हौदात बघितलंस तर सगळे घट्ट मिटलेले, आणि पाण्याला कसलासा उग्र वास. तू घाबरून पंप बंद केलास. दुपारी नदीतून मासे पांढरी पोटं वर करून वाहत आले, कुठून काय आलं होतं ते कधीच कळलं नाही. महिनाभर लोक तुला चहा पाजत होते. तेव्हापासून हौदात शिंपले कायमचे राहिले आणि आईच्या पाटीत कमी येऊ लागले, यावरून ती तुला टोमणेही मारायची.

पुढचं मात्र मला आठवायला नको वाटतं. मारुतीचा महाप्रसाद होता, मोठाल्या चुली पेटलेल्या, आणि शिंपले मिटले. तू पुन्हा पंप बंद केलास. संध्याकाळी ते आपसूक उघडले, नदीत एक मासा मेला नाही, आणि परगावची माणसं उपाशी परत गेली. सरपंच इथेच, या पायरीसमोर उभे राहून बोलले, "शिंपल्यानी सांगितलं व्हय तुला? उद्या बेडूक सांगतील, त्यांचं पन आयकशील." लोक हसले. तूही हसलास. मी तुझा हात धरून उभी होते आणि तो हात थंडगार होता. त्या रात्री तू जेवला नाहीस, आणि त्यानंतर शिंपल्यांचं नाव सांगून पंप कधी बंद केला नाहीस.

त्याऐवजी तो तांब्या आला. मी शाळेतून थेट पंपघरावर येतेय, उन्हाने घसा सुकलाय, पंप बंद आहे, हौदातले शिंपले मिटलेले, आणि काठावर भरलेला तांब्या दिसतो. मी तो उचलून तोंडाशी नेते. तू कुठून येतोस मला कळत नाही, फक्त हाताला सणसणीत फटका बसतो आणि तांब्या घरंगळत दाराबाहेर जातो. तू मला कधी बोटही लावलं नव्हतंस. मी रडत उभी, आणि तू तोच तांब्या पुन्हा हौदातून भरतोस, माझ्यादेखत घटाघटा पितोस आणि पायरीवर जाऊन बसतोस, एक हात पोटावर ठेवून. मला वाटतं, पाण्यासाठी मारलं मला, पाण्यासाठी. बऱ्याच वेळाने मी जवळ जाऊन विचारते, काय करतोस. तू म्हणतोस, "काय नाय गो. पाण्याची चव बघतो." मग हौदातून एक रिकामा शिंपला घेऊन तू तो या पायरीच्या दगडावर घासत बसतोस, पाठीला भोक पडेपर्यंत, आणि कैऱ्या सोलायला मला देतोस. ऊन उतरल्यावर तू पंप सुरू करतोस. तो शिंपला आजही माझ्या पेणच्या खोलीत आहे. घासल्याची खोबण दगडात अजून आहे, मी तिच्या शेजारीच बसलेय.

त्यानंतर तू पुष्कळदा तसा बसलेला दिसलास. पुढे तुझं पोट बिघडलं, मग डोळे पिवळे झाले, मग रोहा, मग पनवेल. डॉक्टर आईला विचारत राहिले, दारू किती पितात. तू कधी थेंब घेतला नव्हतास. पाण्याचं कुणी विचारलं नाही, आणि पाण्यानेच झालं असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. तेच तर भिववतं मला. कारण कळलं असतं तर त्याला धरून रडता तरी आलं असतं. आता नदीवर गेलं की नदीची भीती वाटते, आणि लोक मला नदीच्या बाई म्हणतात.

आज सकाळी बायका जात्यावर हळद दळत होत्या, गाणी चालली होती, माझे हातही पिवळे झाले होते. डीजेवाला बॉक्स लावून बघत होता. तेवढ्यात मोबाईल थरथरला आणि मी तशीच धावत इथे आले. आताचा पंपवाला माणूस चांगला आहे, बायकामुलांचा आहे, मला मानतो. तो म्हणाला, "ताय, डीजेच्या धक्क्याने मिटले असतील गो. माझी छाती पन हलली." तसं होऊ शकतं. शिंपला सावलीनेही मिटतो, धक्क्यानेही मिटतो, गढूळ लोंढ्यानेही मिटतो. मी डीजे बंद करायला लावला. शिंपले उघडले नाहीत. काठावर जाऊन बघितलं तर एक मळ्या उलटा पडला होता, एकच, आणि एक मासा कशानेही मरतो. पाण्याच्या बाटल्या भरून तपासणीला पाठवल्या. उत्तर यायला दिवस लागतील आणि हळद आज आहे.

मग दादा आला, कपाळाला टिळा, नवा सदरा घामाने भिजलेला. "पोरीची हळद हाय," तो म्हणाला, "गाव जेवाया येनार, आन तू पानी बंद करतेस? टाकीत तळाला बोटभर पानी नाय. तुझे शिंपले माझ्या पोरीपेक्षा मोठे झाले व्हय?" मी म्हटलं, रोह्याहून टँकर मागव. तो म्हणाला, टँकरवाला संध्याकाळ म्हणतोय, तोबी आला तर. जाता जाता मागे वळून म्हणाला, "बापासारखीच हायस." रागाने म्हणाला की कसं, ते त्याच्या तोंडावरून मला ओळखता आलं नाही.

दुपारी शिंपले उघडू लागले. आधी एक, मग दोनतीन, सगळे अजून नाहीत. मेल्यावरही शिंपला उघडाच राहतो, म्हणून मी एकेकावर पेनाने आईसारखं टक् केलं. मिटले. पण सावकाश मिटले, की मला भीतीने सावकाश वाटले, कुणास ठाऊक. पंपवाला दारात उभा राहून विचारत होता, "सोडू का पानी?" सरपंच आता दुसरे आहेत, पण ते बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. मी त्याला म्हटलं, थांब जरा, चहा पिऊन ये.

तो गेल्यावर मी जे केलं ते माझ्या कुठल्या विद्यार्थ्याने केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. हौदातून पेला भरला आणि प्यायले. एका पोटाने काही सिद्ध होत नाही, आज होत नाही आणि उद्याही होत नाही, हे मी शिकवते. तरी प्यायले, आणि पुन्हा पेला भरून काठावर ठेवला, लागला तर असावा म्हणून. मग पायरीवर येऊन बसले आणि तुला लिहायला घेतलं. उजव्या हाताने लिहितेय, डावा हात पोटावर आहे.

इतकं लिहिलं आणि दादाची मुलगी आली. हळदीच्या आधी नवरीने घराबाहेर पडू नये म्हणतात, पण ही कुणाचं ऐकणारी नाही. "आत्या, चल गो, सगळी तुझीच वाट बघतायत," असं म्हणत ती धापा टाकत आत गेली, आणि मी वळून बघते तर काठावरचा पेला तिच्या हातात. मी उठले कधी ते मला कळलं नाही. फटका इतक्या जोरात बसला की पेला भिंतीवर आपटला आणि तिच्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी फुटली. ती माझ्याकडे बघतच राहिली, हात छातीशी धरून.

तेव्हा मला कळलं की माझं उत्तर कधीच ठरलेलं होतं. जे पाणी या पोरीला पिऊ दिलं नाही, ते गावाच्या घराघरांत कुठल्या तोंडाने सोडणार. पंपवाला चहा पिऊन आला तेव्हा त्याला सांगितलं, आज नाही, उद्याही नाही, उत्तर येईपर्यंत नाही. टँकर येईल तेव्हा येईल. तो मांडवाकडे सांगायला गेला. आता दादा येईल, माणसं येतील, याच पायरीसमोर उभी राहतील. मी घाबरलेय, बाबा. त्यांनाही, आणि पोटातल्या त्या पेलाभर पाण्यालाही. तुला मात्र आज मी काही विचारणार नाही. तुझ्यामागे उभं राहायला कुणी नव्हतं आणि तपासायला तुझ्यापाशी तुझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

ही पानं मी फाडून हौदाशेजारच्या कोनाड्यात ठेवीन, नाहीतर चुलीत जातील. एवढंच तुला सांगायचं राहिलं. मुलीने फुटलेल्या बांगडीचे तुकडे वेचले आणि हळूच विचारलं, "आत्या, काय हाय त्या पाण्यात? तू प्यायलीस?" तिला खरं सांगायला हवं होतं, मला सगळी शास्त्रीय भाषा येते. मी म्हटलं, "काय नाय गो. चव बघत होते."