तळ्याच्या काठावर

१० जानेवारी २०१७

तारीख आली. ९ मार्च. पॅरोल बोर्डासमोर अनिशची सुनावणी.

वकीलबाई म्हणाल्या, मादाम पाकेत येणार आहेत, बोलणार आहेत. "शी हॅज द राइट." आहेच. त्यांचा नवरा, जिल, दारापुढचा बर्फ शोव्हल करत होता. आमचा मुलगा दारू पिऊन गाडी चालवत होता. चार वर्षांची शिक्षा.

अनिशचा बाप, नंदन, मागे उभा. "काय म्हणाल्या?" सांगितलं. फर्नेसचा फिल्टर बदलायचाय म्हणून बेसमेंटमध्ये गेला. फिल्टर परवाच बदललाय.

१२ जानेवारी

कॉलेजात इतकी वर्षं ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं. मृत्यूनंतरच्या न्यायाचा एक प्रसंग मुलांना फार आवडायचा. ज्यानं रागाच्या भरात कुणाचा जीव घेतला आणि मग जन्मभर पस्तावला, त्याला आधी खोल दरीत टाकतात. वर्ष झालं की नदी त्याला बाहेर फेकते, एका तळ्याजवळून वाहत नेते. तळ्यात ती माणसं असतात, ज्यांना त्यानं मारलं. तो हाका मारतो. मला बाहेर येऊ द्या. त्यांनी हो म्हटलं तर सुटका. नाहीतर पुन्हा दरी. पुन्हा नदी. पुन्हा हाका.

देव मध्ये पडत नाही. न्यायाधीश नाही. ज्याचं गेलं, त्यालाच विचारायचं.

मी वर्गात म्हणायचे — बघा, किती आधुनिक!

त्या हाका मारणाऱ्याला आई असेल, हे कधी मनात आलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. नंदननं लाडू वळले, दरवर्षीसारखे. गुळाचा पाक गरम, बोटं भाजली. बरोबर ब्रॉसार्डमधल्या चार मराठी घरांपुरते. मग एक डबा वेगळा काढला.

"पाकेतांकडे जाऊन येतो."

"वेड लागलंय का तुला?"

"आज भांडणं मिटवतात."

"नंदन, हे भांडण आहे?"

तो बूट घालत होता. तीन गल्ल्या पलीकडे घर. टोपी न घालताच निघाला, म्हणून टोपी घेऊन मी मागे धावले. त्याला परत आणायला गेले नाही. हे इथे लिहिते.

बाईंनी दार उघडलं. नंदन आधी मराठीतच बोलला — तिळगूळ घ्या! मग भानावर येऊन मोडक्या फ्रेंचमध्ये, आमचा सण आहे. डबा पुढे केला. बाईंनी घेतला. कुणी काही पुढे केलं की हात आपोआप येतो. मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कोर्टातला चेहरा ओळखला.

"व्हू झेत ल पेर." तुम्ही त्याचे वडील.

दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

वकीलबाई. इतक्या चिडलेल्या कधी ऐकल्या नव्हत्या. पाकेत कुटुंबाशी संपर्क करायचा नाही, स्वतः नाही, कुणाकरवी नाही — अनिशवर अट आहे. "डिड अनिश सेंड यू?" बोर्ड तसंच समजू शकतं. पॅरोल जाऊ शकतो.

नंदननं फोन हिसकावला. "दे वेअर लाडूज, मॅडम! सेसमी! लाडूज!"

फोन ठेवल्यावर मी बोलले. चाळीस वर्षं काढलीस या देशात, एवढं कळू नये? तो नळाखाली बोटं धरून उभा राहिला. भाजल्याला तीन दिवस झाले.

२९ जानेवारी

तुरुंगात अनिशला भेटलो. लव्हाल ओलांडून पुढे, रस्ता निसरडा. तो बारीक झालाय. केस पांढरे व्हायला लागलेत, चौतिसाव्या वर्षी!

लाडवांचं सांगितलं. आधी हसला. "बाबा, यू टुक हर लाडूज?" मग हसू गेलं. "व्हॉट डिड शी से?"

"काही नाही. दार लावलं."

मान हलवली. नंदन हिटिंगविषयी बोलत राहिला, इथे गरम असतं ना, ब्लँकेट देतात ना.

निघताना अनिशनं विचारलं, "आई, तुझा तो डॉक्टरवाला ग्रीक आठवतो?"

आठवतो. अनिश चौदाचा होता. जेवताना मी सांगत होते — अन्याय करून सुटला तो सर्वांत दुर्दैवी. आजारी माणसानं डॉक्टरकडे जावं, तसं गुन्हेगारानं आपणहून शिक्षेकडे धावत जावं. अनिश म्हणाला, "सो आय शुड ग्राउंड मायसेल्फ?" ग्राउंड म्हणजे घराबाहेर पडणं बंद, आम्ही त्याला द्यायचो ती शिक्षा. नंदनला हसता हसता ठसका लागला होता.

का विचारलं असेल? वेळ संपली.

१२ फेब्रुवारी

रात्रभर बर्फ. सकाळी फिरायला गेलो. पाकेतांचा ड्राइव्हवे तसाच, गुडघाभर. नंदन थांबला. मी त्याची बाही धरली. साफ करायचीही सोय नाही!

८ मार्च

उद्या.

नंदनला तळ्याची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली. म्हणाला, "आपलंच बरं. करावं तसं भरावं. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही."

"तू राहिलास की."

"हो," म्हणाला. मग अनिशचा कोट कपाटातून काढून ब्रश करत बसला. लगेच कुणी सोडणार नाही, हे त्यालाही माहीत आहे.

९ मार्च

बाई उभ्या राहून बोलल्या. जिल रोज सकाळी शेजारणीचंही अंगण शोव्हल करायचा. त्या दिवशीही तिथूनच सुरुवात केली. आधी आपलं केलं असतं तर तो आत येऊन कॉफी पीत असता. हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मला खाली बघायचं होतं. बघितलं नाही.

मग म्हणाल्या — याचे वडील दारात आले, तेव्हा मी घाबरले. वकिलाला फोन केला. तो डबा फ्रिजवर आहे. उघडला नाही. टाकताही येत नाही. मी याला माफ केलेलं नाही. पण दर वेळी इथे येऊन नाही म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही. जाऊ द्या त्याला.

नंदन रडला. आवाज करून! बाईंनी वळून पाहिलं नाही.

अनिश मान खाली घालून बसला होता. दुपारी निर्णय — मंजूर. हो आलं. तळ्यातून हो आलं.

गाडीत नंदन म्हणाला, आधी त्याला गरम वरणभात.

१३ मार्च

अनिशचा फोन. पॅरोल नको म्हणून कळवलंय त्यानं. शिक्षा पुरी करणार.

"अरे, त्या हो म्हणाल्या!"

"आय नो. आय अ‍ॅम ग्राउंडिंग मायसेल्फ, आई."

नंदन कोट हातात घेऊन दारात उभा. काय म्हणाला, विचारतोय.