गोडा मसाल्यात पडलेला एच

१ जून, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. परवा इथे बडोद्यात, अलकापुरीत, उद्योगाला कर्ज देणाऱ्या सरकारी योजनेचं शिबिर झालं. स्टेजवरचे साहेब म्हणाले की प्रत्येक यशस्वी उद्योजक डायरी लिहितो. माझी डायरी लेकीने, मितालीने टाकून दिलेली, गेल्या वर्षीची आहे. म्हणजे वार चुकीचे, तारखा बरोबर. शिबिरात जेवण चांगलं होतं. भिंतीवर लिहिलेलं: नोकरी मागू नका, नोकरी द्या. वाचून अंगावर काटा आला.

फेब्रुवारीत मी वाघोडियाची कंपनी सोडली. सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. (कंपनीने बावीस जणांना काढलं त्याच दिवशी सोडली. योगायोग.)

प्रॉडक्ट ठरलं. गोडा मसाला. बायको, संयोगिता, अकरा वर्षं घरी करतेय. सोसायटीतल्या बायका डबे घेऊन येतात, त्यांच्या नणंदा-जावा येतात. पण ती नुसती करते. धंदा म्हणून बघायची दृष्टी नाही. ती मी देणार.

बायकोला हे सांगितलं. म्हणाली, दृष्टी नंतर द्या, आधी सिलिंडर बदलून द्या.

३ जून
संकल्प: पहाटे पाचला उठणे. उठलो साडेआठला. उद्यापासून नक्की.

संयोगिताने मुदत घातली. दसऱ्यापर्यंत युनिट उभं राहिलं नाही तर फतेगंजला तिच्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. आनंदने जागा राखून ठेवलीय म्हणे. मी, दत्ताजीराव जगदाळे, मेहुण्याच्या दुकानात बसून लोकांच्या आधार कार्डाच्या पुढच्या-मागच्या बाजू काढू? आमचे पणजोबा संस्थानच्या पागेत जमादार होते! त्यांची तलवार अजून माळ्यावर आहे. त्यापेक्षा मी... वाक्य नंतर पूर्ण करतो. चहा आलाय.

६ जून, दुपार
प्रॉडक्शनचा अनुभव हवा म्हणून खोबरं भाजायला घेतलं. जळलं. आमचा गॅस फार मोठा पेटतो. शेजारच्या कमळाबाई धूर बघून धावत आल्या आणि कुणाला लागलंबिगलं नाही ना म्हणाल्या. नंतर दोघी बराच वेळ हसत होत्या. मोठ्या माणसांना सुरुवातीला हसतातच.

ठरवलं, मी मॅनेजमेंट बघणार. भाजणं बायकांनी बघावं.

९ जून
ऑनलाइन फॉर्म. पोर्टल चारदा बंद पडलं. पासवर्डात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. सगळं घातलं, मग मलाच आठवेना. शेवटी निहारभाईंना फोन केला. हे अलकापुरीत तळघरात बसून लोकांचे फॉर्म भरून देतात. त्यांनी विचारलं धंदो शेनो? सांगितलं, गोडा मसाला. ते म्हणाले शुं? मी पुन्हा मोठ्याने सांगितलं, आणि ओघात पणजोबांची पागा, त्यांचा पंचकल्याणी घोडा, सगळं सांगितलं. अर्जदाराची पार्श्वभूमी कळायला हवी. निहारभाई म्हणाले की समजी गयो, थई जशे. होऊन जाईल म्हणजे.

भला माणूस. फार काही विचारत बसत नाही.

११ जून
अर्ज गेला! पावती आली. इंग्रजीत, चार पानं. माझं इंग्रजी चांगलं असल्यामुळे वरवर पाहिली. नावात एक एच जास्त पडलाय. Ghoda Masala. असू दे. एचमुळे नावाला वजन येतं. कागदपत्रांत स्पेलिंग सगळीकडे एकच हवं, म्हणून एक हजार व्हिजिटिंग कार्डंही तशीच छापून घेतली.

घोडा मसाला. प्रोप्रायटर डी. जगदाळे. सोनेरी अक्षरं. मिताली कार्ड बघून काहीतरी बोलणार होती. तिला म्हटलं, टीका नको, सपोर्ट कर.

१४ जून
पानवाल्याला कार्ड दिलं. म्हणाला, काका, आमच्या गावी मामाकडे दोन आहेत, खातील का? दोन काय, ते कळलं नाही. जरूर खातील म्हटलं. पहिली चौकशी!

२ जुलै
अर्जाची चौकशी करायला योजनेच्या कचेरीत गेलो. टोकन नंबर ८४. ७९ ला जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर ८० पासून सुरू व्हायला हवं ना? पुन्हा एकपासून सुरू झालं. बाकावर शेजारी एक गृहस्थ होते, त्यांची ही नववी खेप. त्यांना काय करायचंय ते मी विचारलं. जरा आठवून सांगितलं त्यांनी.

थकलो. गुडघे दुखताहेत. कंपनीत असताना इतका बसलो नव्हतो.

३ जुलै
पाचला उठणे हा संकल्प तात्पुरता स्थगित.

२४ जुलै
अर्जात त्रुटी निघाली. मोबाईलवर मेसेज: पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र जोडा. चुकून दुसऱ्याचा मेसेज आला असेल म्हणून निहारभाईंकडे गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर अर्ज काढून दाखवला. धंद्याचा प्रकार: पशुखाद्य. माल: घोड्यांना चारायचा मसाला.

मी ओरडलो. निहारभाई शांत. म्हणाले, तुम्हीच घोडा घोडा बोलत होता, पागा बोललात, पंचकल्याणी बोललात, मी अजून काय लिहिणार? घोड्याला मसालो आपे छे, खरंच देतात, पोटासाठी. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले की आता खिडकी बंद. अर्ज रद्द करून नवा करायचा. यादीत नंबर पहिल्यापासून.

म्हणजे दसरा गेला. म्हणजे झेरॉक्स.

घरी सांगितलं नाही. मला भीती वाटतेय, हे फक्त इथे लिहितो.

२५ जुलै
रात्री शांतपणे विचार केला. यात संधी आहे. गोडा मसाला बडोद्यात घरोघरी होतो. घोडा मसाला कोण करतं? कॉम्पिटिशन शून्य! आणि घोडा आमच्या रक्तात आहे. काही गोष्टी नशीबच टाईप करतं.

योजना: आधी मंजुरी घ्यायची, नंतर हळूच एच काढायचा.

१० ऑगस्ट
आता युनिटचा फोटो मागितलाय, जागेचा पत्ता आपोआप उमटेल असा. पशूसह. आता घरी सगळं सांगावं लागलं. लग्नात घोडी भाड्याने देणाऱ्याकडे गेलो. सध्या लग्नं नाहीत, त्यामुळे तो रिकामाच. घोडीचं नाव बिजली. अर्जात घोडा आहे आणि ही घोडी, एवढीच अडचण. समोरून फोटो काढला तर कळत नाही.

बिजलीला सोसायटीच्या गेटवर आणलं. मी लगाम धरून उभा. मितालीने फोटो काढला, पण ती इतकी हसत होती की पहिले सहा हलले. संयोगिता गॅलरीतून बघत होती. हसली नाही. आत गेली. खाली आल्यावर एवढंच म्हणाली की माझ्या मसाल्याला घोड्यापुढे नेलंत.

तिला मोठं चित्र दिसत नाही. तरी दिवसभर तिच्याकडे बघवलं नाही.

२ सप्टेंबर, संध्याकाळी ६
आज पाहणी. सगळं लिहून ठेवतो, डोकं ठिकाणावर आहे तोवर.

अकराला कचेरीतून प्राची मॅडम आल्या. तरुण बाई, खांद्याला पिशवी, हातात फाईल. बिजली गेटवर तयार. मी फेटा बांधलेला. मॅडमनी घोडी पाहिली, माझा फेटा पाहिला आणि विचारलं की लग्न कुणाचं. मी खुलासा केला. मग त्या म्हणाल्या, बरं, माल दाखवा, जनावर खातं का बघू.

हे मी धरलं नव्हतं. आत जाऊन गौरीच्या जेवणासाठी केलेल्या डब्यातला चमचाभर मसाला गुळात मळून आणला. बिजलीने हुंगला. माझ्याकडे बघितलं. मग जी शिंकली ती थेट मॅडमच्या फाईलवर. घोडीवाला म्हणाला, साहेब, तिखट आहे, जनावराला त्रास देऊ नका, आणि घोडी घेऊन निघून गेला. भाडं आधीच घेतलं होतं.

मॅडमनी रुमालाने फाईल पुसली. मी म्हटलं की प्रॉडक्ट अजून टेस्टिंग स्टेजला आहे. तेवढ्यात संयोगिता खाली आली. आधी मॅडमना पाणी दिलं. मग म्हणाली, अहो, पुरे करा आता. इतक्या हळू म्हणाली की मीच ऐकलं. मग मॅडमना म्हणाली की ताई, गुजरातीत घोडा ऐकू गेलं असेल, पण हा माणसांचा मसाला आहे, वर या, दाखवते.

मॅडम वर आल्या. तीळ, धणे, खोबरं, दगडफूल परातींत मांडलेलं होतं. कमळाबाई निवडत बसल्या होत्या. फडताळात बत्तीस डबे, प्रत्येकावर नावाची पट्टी, सुरतेहून आलेले दोन. मॅडम डबे वाचत फिरल्या. दगडफूल हातात घेऊन हे दगडाचं आहे का विचारलं. संयोगिता समजावत होती, कशाला किती भाजायचं, कशाला फक्त गरम करायचं. अकरा वर्षांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. कदाचित विचारलं नव्हतं.

आमटी-भात खायला बसा म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, ड्यूटीवर नाही चालत. वास मात्र घेत होत्या. जाताना संयोगिताला विचारलं, तुमच्या नावाने अर्ज का नाही केला? महिलांना सवलतही जास्त आहे.

संयोगिता म्हणाली की मला कुणी फॉर्म दाखवलाच नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. फेटा फार घट्ट झाला होता.

३ सप्टेंबर
माझा अर्ज नामंजूर. कारण: पशू मालाबाबत अनुत्सुक.

संयोगिता आणि मितालीने फोनवरच नवा अर्ज भरला. पाऊण तास लागला. मी मध्ये सल्ला द्यायला गेलो. मिताली म्हणाली, पप्पा, एक कप चहा कराल?

केला.

२ ऑक्टोबर, दसरा
मुदत संपली. माळ्यावरची तलवार काढून पुसली, पूजा केली. मग कपडे करून, मन घट्ट करून फतेगंजला गेलो. मेहुण्याला म्हटलं, आनंद, मी तयार आहे.

आनंद ओशाळला. म्हणाला, दाजी, मी ऑगस्टपर्यंत वाट पाहिली. मग नवीन मशीन घेतलं, दोन्ही बाजू एकदम काढतं. आता माणूस लागत नाही. फाफडा-जलेबी खाऊन जा.

खाल्ली. बसस्टॉपवर बराच वेळ बसून राहिलो. दोन बस सोडल्या. मी कुठेच कुणाला नकोय, असं वाटलं. उन्हामुळे असेल.

२४ नोव्हेंबर
मंजुरी आली. युनिट: संयोगिता मसाले. मागची खोली रिकामी झाली, मोठं भाजणीयंत्र बसलं. कमळाबाईंनी पेढे वाटले.

शेवटच्या कागदावर रकाना होता: निर्माण झालेला रोजगार. कुशल, दोन. संयोगिता जगदाळे आणि कमळाबाई. अकुशल, एक. नाव वाचलं. द. जगदाळे.

म्हटलं, निदान मॅनेजर तरी लिही. संयोगिता म्हणाली, लिहिते की, पण मॅडम आल्या आणि म्हणाल्या खोबरं भाजून दाखवा, तर?

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, इथे वाचणारं कोण आहे. मग सही केली. ती म्हणाली की महिनाभर शिका, मग रकाना बदलू. आवाज नेहमीसारखाच होता, पण सही करून झाल्यावर पेन तिने स्वतः माझ्या खिशाला लावलं.

सोनेरी कार्डं वाया गेली नाहीत. मागची बाजू कोरी आहे. डब्यांना पट्ट्या म्हणून लावतोय. नऊशे साठ शिल्लक आहेत.

शिबिरातल्या भिंतीवरचं वाक्य आमच्या घरात खरं झालं. नोकरी दिली गेली. मला. उद्या आठला हजर.

आता संयोगिता ही डायरी मागतेय. पानं कोरी आहेत, ऑर्डरी लिहायला होतील म्हणते. मी सांगितलं, वार चुकीचे आहेत.

म्हणाली, चालशे.