तळाशी ठेवलेलं पेट्रोल

मोहा तांडा,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली
१४ मे २०२५

फुलसिंग भावजींना वहिनीचा रामराम.

पत्र बघून दचकला असाल. हल्ली पत्र कोण लिहितं! पण तुमचा नंबर तांड्यात कुणाकडेच नाही. ऊसतोडीहून परत आलेल्या चंदाबाईने सांगितलं की तुम्ही भिगवणला पक्षी बघायला येणाऱ्या लोकांच्या नावा चालवता, तिनेच पत्ता आणून दिला. आपण घरात गोरमाटी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येते, तीही अंगणवाडीच्या रजिस्टरातली. कुठे कोरडं वाटलं तर सांभाळून घ्या.

इकडे ऊन मरणाचं आहे. धरणाचं पाणी खूप आत सरकलंय, बायका धुणं घेऊन अर्धा कोस चालतात. तुमच्या पुतणीला, शितलला, मुलगी झाली, श्रावणात वर्षाची होईल. नाक तुमच्या घराण्याचं, म्हणजे आधी नाक येतं आणि मागून लेकरू. कुलदीप आता बावीसचा झाला. कामाचा आहे, पण ऐकायचं नाही म्हणजे नाही. कुणावर गेलाय ते मी लिहीत नाही.

तुमच्या भावाची तब्येत होती तशीच आहे. उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेले ते गेलेच. दिवसभर ओसरीत खाटेवर असतात. बोलायला पंधरा-वीस शब्द आहेत, त्यातल्या चार शिव्या आहेत आणि त्या मात्र अगदी स्पष्ट येतात. जेवण माझ्या हातून असायचं. असायचं म्हणते, कारण गेल्या आठवड्यापासून ते बदललं आहे. ते पुढे लिहीन.

आधी नावेचं सांगते, कारण तुम्हाला त्यात गोडी आहे.

तुम्ही गेल्यापासून नाव तशीच होती. छपराखाली, बाभळीच्या दोन ओंडक्यांवर, वरून ताडपत्री. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. सात वर्षं होतील या पोळ्याला, कुणी तिला हात लावला नाही. आता कुलदीपने मनावर घेतलंय. शाळेचे मास्तर, बाजारचे लोक, पलीकडे डांबरी रस्त्याला जायला सगळ्यांना तकलीफ आहे, तेव्हा पाणी चढलं की फेऱ्या सुरू करायच्या म्हणतो. पण मागच्या फळीखालच्या टाकीत तेव्हाचंच पेट्रोल होतं, अर्ध्याहून जास्त. पोराने काय करावं? नळी घेतली आणि मोटारसायकलमधून काढतात तसं तोंडाने ओढायला बसला! मी ओरडले, “काहून मरायला निघाला रे? सात वर्साचं विष हाय ते!” तेव्हा कुठे थांबला.

मग कळमनुरीहून स्वप्निलला बोलावलं. पंप आणि इंजिनं दुरुस्त करतो, पस्तिशीचा असेल, कमी बोलतो. सकाळी ऊन चढायच्या आत आला. आधी आमची आणि शेजारची चूल विझवायला लावली, सगळ्यांचे फोन घरात ठेवायला लावले. बॅटरीच्या तारा सोडल्या. नाव छपराखालून ओढून मोकळ्या वाऱ्यात आणली. वाळूची बादली हाताशी ठेवली. पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवून त्याची एक तार टाकीला जोडली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, “पेट्रोल नळीतून पळतं तवा ठिणगी पडू शकते, मावशी. तार असली की धोका न्हाई.” आणि मग हातपंपाने हळूहळू उपसायला लागला. कुलदीपला टाकीवर वाकूसुद्धा दिलं नाही. यांची खाट आम्ही ओसरीतून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या उलट बाजूला नेली होती. नाव यांनाही बघायची होती.

वास पेट्रोलचा राहिलाच नव्हता. आंबूस, वार्निशसारखा. डबा भरला तसा त्याने झाकण घट्ट लावून बाजूला ठेवला. कुलदीप म्हणाला, नाल्यात ओतून टाकू, नाहीतर शेताच्या धुऱ्यावरचं गवत पेटवायला कामी येईल. स्वप्निल त्याच्यावर असा खेकसला की मला बरं वाटलं. नाल्याचं पाणी धरणातच जातं, मासे मेले तर कोण भरून देईल? जुनं तेल गोळा करतात तिथे तो स्वतः नेऊन देणार आहे.

शेवटी तळाचं राहिलं. नावेचं तोंड दगड लावून उचललं, नळी पार कोपऱ्यात घातली आणि निघालेलं काचेच्या बरणीत घेतलं. जरा वेळ ठेवल्यावर खाली पाणी, वर तपकिरी पेट्रोल, आणि बुडाला काकवीसारखा चिकटा. मग स्वप्निलने माझा आरसा मागितला. उन्हाचा कवडसा टाकीच्या तोंडातून आत पाडला आणि मला बोलावून दाखवलं. टाकीच्या आतून दोन रेघा होत्या. एक वर, अर्ध्याच्या पुढे, ती या सात वर्षांची. दुसरी तळापासून चार बोटांवर, काळपट आणि जाड.

तो म्हणाला, “ही खालची रेघ आधीची हाय. एक उन्हाळा चार बोटं पेट्रोल आतमदी राहिलं. त्यानं पाणी धरलं. मंग कुणीतरी त्याच्यावरच नवं वतलं. नाव हलली की तळाचं पाणी इंजनात. बंद पडंल न्हाई तर काय!”

कुलदीपने ते ऐकलं आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाला, “पाहिलं का बापू? काकानं टाकी उपसलीच नव्हती!” यांनी डाव्या हाताने खाटेच्या पाटीवर तीनदा मारलं आणि चारांतली एक शिवी दिली.

ती शिवी तुम्हाला होती, भावजी. आणि ती माझी होती.

इतकी पानं मी इकडचं तिकडचं लिहीत आले. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार?

त्या वर्षी फेब्रुवारीत पाणी ओसरलं तेव्हा तुम्ही टोळीबरोबर उसाला गेलेले होतात. नाव वर ओढायचं काम आमच्यावर पडलं. जाताना तुम्ही मला दोनदा बजावलं होतं, “वहिनी, टाकी पुरी उपसा. थेंब ठेवू नका. फडक्यानं पुसून झाकण उघडं ठेवा.” मी उपसली. पण चार बोटं राहिल्यावर माझा हात थांबला. तुमच्या आईने, भिकाबाईने, मला या घरात पहिल्या दिवशी काय शिकवलं ते तुम्हाला माहीत आहे. कणगीचा तळ झाडायचा नाही. तेलाची बरणी पुसून कोरडी करायची नाही. मूठभर मागे ठेवायचं, म्हणजे बरकत राहते. मी आजही पिठाचा डबा रिकामा करत नाही. त्या वर्षी नावेने आपल्याला भरभरून दिलं होतं. तिचं पोट कोरडं करायला माझं मन होईना. तुम्हाला इंजिनाचं कळतं आणि मला घराचं कळतं, असा माझा तोरा होता. मी चार बोटं ठेवली, हळदीचं बोट लावलं आणि झाकण बंद केलं.

मे महिन्यात तुम्ही परत आलात आणि विचारलंत, “टाकी केली ना?” मी म्हटलं, “केली.” त्यात मला तेव्हा खोटंसुद्धा वाटलं नाही. माझ्या लेखी ती केलेलीच होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी ते कधी तोंडाने बोललेली नाही, म्हणून लिहिते. पाणी उशिरा चढलं. नाव पाण्यात जाऊन आठच दिवस झाले होते. पोळ्याच्या दुपारी बैलाची शिंगं रंगवता रंगवता यांचं तोंड वाकडं झालं आणि हातातला ब्रश पडला. नाल्याला पूर, रस्ता बंद. तुम्ही यांना पाठीवर घेऊन नावेत आणलंत. यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वारा होता, लाटा होत्या, आणि मधोमध गेल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तुम्ही दोरी ओढून ओढून तळहात सोलून घेतलेत. मग तुम्ही गाळणीची वाटी उघडली. तिच्यात पाणी होतं आणि तपकिरी घाण होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि अगदी हळू विचारलंत, “वहिनी, टाकी पुरी रिकामी केल्ती ना?”

मी म्हटलं, “व्हय.”

हे दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला ठाऊक होतं. वाटीतली घाण मी बघितली होती. चार बोटं माझ्या डोळ्यांपुढे होती. तरी म्हटलं. तुम्ही मान खाली घातलीत आणि म्हणालात, “मंग माझंच चुकलं. मी पाहाया पायजे व्हतं.” आणि एका वल्ह्याने, सोललेल्या हातांनी नाव ओढायला लागलात. अडीच तासांनी मासेवाल्यांनी आपल्याला बघितलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन तास आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता.

मग तांड्याच्या नायकासमोर बैठक झाली. कुणी म्हणालं फुलसिंगने पोळ्याची दारू घेतली होती. तुम्ही घेतली नव्हती. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर बसलेली, मला माहीत नसेल तर कुणाला? तुम्ही हात जोडून म्हणालात, “इंजन माझं, चूक माझी.” मी पदर तोंडात धरून रडत होते. लोकांना वाटलं नवऱ्यासाठी रडते. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. कुलदीप तेव्हा पंधराचा होता, तो तुमच्या मागे फाट्यापर्यंत शिव्या देत गेला, आणि मी त्याला परत बोलावलं नाही.

का गप्प बसले? आधी भीती होती. हे घराबाहेर काढतील, लोक थुंकतील. नंतर ते बळावतच गेलं. जो माणूस माझ्या हातचा घास खातो, माझ्या खांद्यावर टेकून उठतो, त्याला कसं सांगू की तुम्हाला या खाटेवर मी बसवलं? दरवर्षी वाटायचं, आता उशीर झाला. गावभर नियम शिकवत फिरणारी मी, लेकरं खोटं बोलली की कान धरणारी.

पण त्या दिवशी यांनी तुम्हाला शिवी दिली आणि माझं सात वर्षांचं आवरलेलं सुटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कुलदीप बाहेर गेल्यावर मी यांच्या खाटेजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. उन्हाळ्यातली चार बोटं, ‘केली’, ‘व्हय’, सगळं. यांनी सगळं ऐकलं. डोळे आढ्याला. मला वाटलं शिवी देतील, मी तयारच होते. दिली नाही. भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून माझ्या हातचं खात नाहीत. कुलदीप भरवतो. त्यालाही मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो छपराखाली जाऊन उघड्या टाकीपाशी बसून राहिला. आता येत्या रविवारी मी नायकाला आणि सगळ्या तांड्याला बोलावलं आहे. तिथे उभी राहून हेच सांगणार आहे. तुम्ही आलात तरी सांगेन, नाही आलात तरी सांगेन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

मी माफी मागत नाही. ती मागायला काहीतरी परत देता यावं लागतं. तुमची सात वर्षं मी कुठून आणू? तुम्ही परत या, असं म्हणायलाही मला तोंड नाही. एकच मागणं आहे आणि ते माझ्यासाठी नाही.

चार दिवसांपासून हे एक शब्द घोकून राहिले आहेत. नवा आहे, त्या पंधरा-वीसांतला नाही. सुरुवातीला मला वाटलं पाणी मागतात. मग कुलदीपने कान लावला. “फुल्या” म्हणतात. आजारी पडल्यापासून हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. आम्हाला वाटायचं रागाने घेत नाहीत. आता वाटतं, सापडतच नसेल.

पाकिटाच्या मागे कुलदीपचा नंबर लिहिला आहे. संध्याकाळी सहानंतर करा, तो घरी असतो. फोन तो यांच्या कानाला धरेल, मी तेव्हा बाहेर जाईन. तुम्ही काय बोललात ते कधी विचारणार नाही. रागावलात तरी चालेल, तो राग तुमच्या हक्काचा आहे. फक्त एक करा, भावजी. ते तुमचं नाव घेतील आणि गप्प होतील. फोन बंद पडला असं वाटेल. ठेवू नका. त्यांना पुढचा शब्द शोधायला फार वेळ लागतो, पण ते शोधत असतात.

चूक जिची होती ती,
जिवनबाई